पाचशे चिंचोके, दोन जागा

९ जानेवारी, शुक्रवार

आधी आली ती मैत्रीणच! आपली नात ब्राह्मी मागं राहिली आणि परकी पोरगी पुढं. दार उघडलं तर पाठीला हे एवढं दप्तर लावलेली उंच पोरगी. “आज्जी, मी स्वप्नाली. ब्राह्मी चौकात तुमच्यासाठी केळी घेतीया,” म्हणाली आणि वाकून पाया पडली. वडूजची आहे. बोलणं आमच्यासारखंच, फक्त जरा कोरडवाहू.

दोघी पुण्यात एकाच कंपनीत. दहा दिवस घरनं काम करायची परवानगी मिळाली म्हणे. घरनं म्हणजे माझ्या घरनं! गोमटेशनं फोनवर बजावलं — “आई, पोरींना सारखं सारखं उठवू नको, त्यांचं दिवसभर काम चालतं.” मी कशाला उठवते? मी फक्त तासातासाला विचारते, काय खाणार.

स्वप्नालीनं विचारलं, “आज्जी, बटाटा?” म्हटलं, बाई, या घरात जमिनीखालचं काही शिजत नाही. बटाटा नाही, कांदा नाही, लसूण नाही. आणि दिवस मावळला की जेवण नाही, मी तर पाणीही घेत नाही. तर ती म्हणाली, “म्हंजे संध्याकाळी वेळच वेळ की!” अशी पोरगी मला आवडते.

ही वही पतसंस्थेनं दिलेली. पानाच्या डोक्यावर रोज एक सुविचार छापलेला आहे. तो मी वाचत नाही. खाली लिहिते.

१० जानेवारी, शनिवार

दप्तरातनं पत्त्यांचा जोड निघाला. प्लास्टिकचा — तेलाचा हात लागला तर पुसून घ्यायचा. आम्ही बायका दुपारी बदामसात, मेंढीकोट खेळतोच. म्हटलं, दाखवा तुमचं काय ते. खेळाचं नाव पोकर.

हातात दोनच पानं, कुणाला दाखवायची नाहीत. मध्ये पाच पानं उघडी मांडायची — आधी तीन, मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच, त्यातली चांगली पाच जिची तिनं डाव घ्यायचा. पानं बरी वाटली तर चिंचोके पुढं सारायचे, नाही वाटली तर पानं टाकून गप बसायचं. मग त्यात काय मोठं? मोठं आहे ते पुढं. खेळा न खेळा, बसल्याची पट्टी द्यायची! दर डावाला एकीनं पूर्ण, शेजारणीनं अर्धी, आणि ही पाळी फिरत राहते. घरपट्टी, पाणीपट्टी, तशी ही बसपट्टी. त्याला इंग्रजी नाव आहे, पण मी पट्टीच म्हणते. आणि दर सहा मिनिटांनी पट्टी दुप्पट! ब्राह्मीचा मोबाईल कोकिळेसारखा ओरडतो, आणि झाली दुप्पट.

“म्हणून हा झटपट संपतो, आज्जी. एकच टेबल, पाऊण तासात निकाल.”

टेबल कुठलं? जमखान्यावर बसलो होतो. पाऊण तास म्हणजे एक सामायिक. डोळे मिटून अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायची मला पन्नास वर्षांची सवय. तिथंही मन हलू द्यायचं नसतं, इथंही तेच.

मी पहिली बाहेर पडले. लय हसलो.

११ जानेवारी, रविवार

आज चौघी आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. गल्लीत हसण्याचा आवाज गेला की आमच्याकडं एवढं पुरतं.

चंदनबाला, माझी धाकटी जाऊ. वाटणी झाल्यापासनं गल्लीच्या पलीकडं राहते, पण ताकाला इकडंच येते. हरणाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जिभेला हाड नाही, डोळ्याला चष्मा नाही. मंगल — तिच्याबद्दल काय लिहायचं, सगळ्यांची सगळी खबर तिच्याकडं. आणि पद्मावती. तिचा मुलगा द्राक्षं परदेशी धाडतो, म्हणून तिचा फोन सारखा वाजतो.

चंदनबालानं उंबऱ्यातच विचारलं, “आक्का, पण ह्यो जुगार न्हवं का? सात व्यसनांत पयला जुगारच सांगितलाय.”

हरणाबाई म्हणाली, “पैसा लावला तर जुगार. चिंचोकं लावलं तर पोरखेळ. बस खाली.”

मंदिरात महाराज आहेत, त्यांना विचारायचं धाडस मात्र कुणी केलं नाही. चंदनबाला बसली. सगळ्यात आधी पानं तिनंच उचलली, हेही लिहून ठेवते!

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. बिनगाजराची भाजी, तिळाची भाकरी. स्वप्नालीनं तीन खाल्ल्या. मी पुन्हा पहिली बाहेर.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ घ्यायला शांतिनाथ आला. हा दरसाल यात्रेची बस काढतो. येत्या सत्तावीस तारखेला बस शिखरजीला निघते, आणि कोल्हापूरचं एक जोडपं आजारपणानं गळालं. दोन जागा मोकळ्या. “तुमच्या गल्लीतनं दोघी द्या. शनिवारी सांजपर्यंत नावं द्या, न्हाईतर जयसिंगपूरची मानसं तयार हाईत.”

आम्हा जैनांत सगळ्यात मोठी यात्रा ती, आणि मी शिखरजी पाहिलेली नाही. एकदा ठरलं होतं, तेव्हा ऊसतोडीची टोळी नेमकी त्याच दिवशी दारात उभी राहिली. मग सासूबाईंचं आजारपण, मग ह्यांचं. राहून गेलं ते गेलं. मला त्याचं दुःख करत बसायची सवय नाही. पण डोंगर नऊ कोस आहे, चढ-उतार धरून, आणि मला डोलीतनं जायचं नाही. पायांनी जायचं. डॉक्टर म्हणाला, डावा गुडघा अजून वर्षभर चालेल. म्हणजे यंदाच.

चंदनबालानंही पाहिलेली नाही. हरणाबाईनं पाहिली, पण तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि सासूच्या धाकानं मान वर केली नाही, म्हणून ती म्हणते धरायचं नाही. मंगलला जायचं आहे. पद्मावतीला जायचं आहे.

पाचजणी, दोन जागा.

१५ जानेवारी, गुरुवार

दुपारभर तेच. मंगल म्हणाली, चिठ्ठ्या टाकू. सगळ्यांनी मंगलकडं बघितलं. गेल्या खेपेला श्रवणबेळगोळच्या बसला चिठ्ठी हिचीच निघाली आणि नंतर डब्यात हिच्या नावाची आणखी एक सापडली होती! ती म्हणते, सुनेनं चुकून दोनदा लिहिलं. असेल.

पद्मावती म्हणाली, बोली लावू, पैसे मंदिराला जातील.

“तुझ्या पोराच्या द्राक्षांपुढं आमचा ऊस किती टिकंल गं?” हरणाबाई म्हणाली. बोली बारगळली.

मी म्हटलं, वयानं ठरवू. तर चंदनबाला म्हणते, “वा आक्का! म्हंजे हरणाबाई आणि तुमी. आमी तुमच्या पिशव्या भरायच्या व्हय?”

मग हरणाबाईच म्हणाली, “आठवडाभर बसून खेळतोय नव्हं? मग खेळूनच काढा. शेवटी ज्या दोघी उरतील त्या जातील.”

स्वप्नाली घाबरली. “आज्जी, ह्यात नशीब लय असतंय.”

“नशीब चिठ्ठीतबी असतंय. ह्यात निदान बोलायला तरी मिळतंय.”

ठरलं. शनिवारी चार वाजता, प्रत्येकीला शंभर चिंचोके. चिंचोक्यांत दुसरी वस्तू मिसळायची नाही. आणि एक नियम पद्मावतीसाठी केला, तिचा सारखा फोन असतो म्हणून: जागेवर नसेल तिची पानं टाकायची, पट्टी मात्र तिच्या ढिगातनं घ्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. चंदनबालानंही.

१६ जानेवारी, शुक्रवार

पोरींना मधल्या सुट्टीत धरलं. म्हटलं, बायांनो, मी रोज पहिली बाहेर पडते, असं कसं चालेल? काहीतरी सांगा.

स्वप्नालीनं समोर बसवलं. मास्तरीण आहे पक्की. ती म्हणाली, “आज्जी, तुमाला परत्येक डावात काय शिजतंय ते बघायचं असतंय. ते सोडा. पयल्या बारा मिन्टांत पट्टी लहान हाय, तवर पानं टाकत ऱ्हायचं. दुसऱ्यांना भांडू द्या.”

हे पटलं. लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढपाला कोण पोट भरतं?

“मग पट्टी वाढती. आपल्याकडं दहा पट्ट्या उरल्या का तिथनं पुढं मधला रस्ता न्हाई. टाकायचं, न्हाईतर सगळं एकदम पुढं सारायचं. अर्धंमुर्धं सारलं का अर्धंमुर्धं मरायचं.”

म्हटलं, आणि चांगल्या पानांची वाट बघत बसले तर?

“तर पट्टी खाती तुमाला.”

हे तर उसासारखंच झालं! तोड आली आणि टोळी आली नाही की ऊस उभ्या उभ्या वाळतो. दिसतो तेवढाच, वजन रोज घटतं. चांगला भाव येईल म्हणून वाट बघणाऱ्याचं पाचट होतं. हे मला कुणी पत्त्यांत सांगायला नको होतं, पण पत्त्यांत दिसलं नव्हतं.

तिसरं सांगितलं ते असं: आधी सारणारी बरी, नंतर उत्तर देणारी वाईट. आपण सगळे पुढं केले की समोरची घाबरून पानं टाकते, म्हणजे न खेळता पट्टी मिळाली. आणि नाही टाकली तरी आपली पानं आहेतच. उत्तर देणारीला मात्र पानांचाच आधार.

आणि चौथं ब्राह्मीनं सांगितलं, लॅपटॉपमधनं मान न काढता. “आज्जी, जागा दोन आहेत. पहिली आली काय, दुसरी आली काय, बस एकच. जास्त चिंचोके मिळवून जास्त शिखरजी मिळत नाही. तिघी उरल्या की जिंकायचं विसर. तिसरी कधी जाते तेवढंच बघ.”

हे मी रात्रीच्या प्रतिक्रमणातसुद्धा मनात घोळवत होते. देवा, क्षमा कर. पण पोरगी बोलली मोठं.

१७ जानेवारी, शनिवार

सविस्तर लिहिते.

चारला बसायचं होतं. शांतिनाथ आला, त्याला चहा. मंगलची सून मंगलला न्यायला आली, तिला चहा. पद्मावतीचा फोन. बसेपर्यंत सहाला वीस कमी. आता दिवस सव्वासहाला मावळतो. हरणाबाई रोज चारलाच शेवटचं पाणी पिऊन पाणी सोडते, तिचा प्रश्न नव्हता. मी साडेपाचला तांब्याभर पाणी पिऊन, नऊ वेळा णमोकार म्हणून तोंड मिटून घेतलं होतं.

ब्राह्मीनं मोबाईल लावला, पट्टी दोन चिंचोक्यांपासनं. स्वप्नालीनं पानं वाटली.

पहिली बारा मिनिटं मी पानं टाकली. फक्त टाकली! हरणाबाई म्हणाली, “आज हिला काय झालंय, ताप हाय का?” मंगल एका डावात दोन राण्यांवर भाळली, हरणाबाईकडं राजे निघाले, मंगल बाहेर. “मी आपली मंदिरात जाते,” म्हणाली आणि गेली नाही, मागं बसून सगळ्यांची पानं बघायला लागली. तिला उठवून खाटेवर बसवली.

तिसऱ्यांदा कोकिळा ओरडली, आणि पद्मावतीचा फोन वाजला. कंटेनर बंदरात अडकला होता म्हणे. ती अंगणात गेली, दोन पट्ट्या गेल्या. परत आली ती तावातच, उरलेले सगळे वाईट पानांवर सारले. चंदनबालानं घेतले. उरलो तिघी: हरणाबाई, चंदनबाला, मी.

मग माझ्या हातात दोन एक्के आले. इस्पिक आणि बदाम! आठवड्यात पहिल्यांदा. माझ्या आधी चंदनबालानं सगळे पुढं सारलेले. तिच्याकडं तेव्हा सगळ्यात कमी. हरणाबाई म्हणाली, “घे गं, मीबी हाय.” आणि दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

मी एक्के टाकले. दोन्ही, पालथे. दोघी लढतायत, एक मरेल तर मी बसमध्ये, मी मध्ये कशाला पडू? स्वप्नालीला नंतर दाखवले तर तिनं कपाळावर हात मारला आणि मग म्हणाली, “आज्जी, तुमी पुण्याला चला.”

पण मेली नाही ना! चंदनबालाला मधल्या पानांत तिसरा गुलाम लागला. झाले सगळ्यांचे ढीग जवळजवळ. हरणाबाईपुढं दोनशे तीस, माझ्यापुढं एकशे चाळीस, चंदनबालापुढं एकशे तीस.

त्यानंतर कुणी कुणाला अंगाला लावून घेईना. एक सारायची, दोघी टाकायच्या. मी माझी पाळी आली की आधी चिंचोके मोजायचे, दहादहाच्या ढिगांनी. “लग्नाची यादी करतीस का काय?” हरणाबाई म्हणाली. चंदनबालानं दोनदा दाराकडं बघितलं. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरनं खाली उतरली होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी कोकिळा ओरडली. पट्टी चौसष्ट! चंदनबाला उठली. “आक्का, मी पाणी घेऊन येते. दिवस चाललाय.”

ब्राह्मी म्हणाली, “काकी, इथंच प्या की! आज्जीच्या माठातलं.”

“न्हाई गं, घरचं. पाणी सोडताना माझं बसायचं ठिकाण ठरलंय.” आणि पदर सावरून गेली.

नियम तो नियम. पानं वाटली. तिची टाकली. पट्टी घेतली, चौसष्ट. पुढच्या डावाला अर्धी, बत्तीस. तिसऱ्याला तिची पाळी नव्हती. तोवर कोकिळा पुन्हा ओरडली, आणि चौथ्या डावाला पट्टी एकशे अठ्ठावीस, तिच्यापुढं उरले होते चौतीस. ते घेतले.

ती आली तेव्हा दिवस मावळला होता आणि तिच्या जागेपुढं नुसता जमखाना होता. तिनं बघितलं. “संपले व्हय?” म्हणाली. मग माझ्या पाया पडली, यात्रेला निघालेल्याच्या पडतात तशी.

शांतिनाथला फोन केला. हरणाबाईचं नाव आणि माझं.

१८ जानेवारी, रविवार

पोरी गेल्या. दोघींना चिक्कीचे डबे दिले, स्वप्नालीला तिच्या आईसाठी वेगळा. ब्राह्मी म्हणाली, “पुढच्या रविवारी येते आज्जी, पंचवीसला. तुझी बॅग मी भरणार.” स्वप्नालीही येते म्हणाली. “शिखरजी जिंकलेली आज्जी म्हणून फोटो काढायचाय.”

घर झाडलं. जमखान्याच्या घडीत सात चिंचोके सापडले.

२० जानेवारी, मंगळवार

मंगल येऊन सांगून गेली, गावात काय बोलतात ते. चंदनबाला पाण्यासाठी उठली आणि शिखरजी गेली. काहीजण म्हणतात धन्य आहे, काहीजण म्हणतात येडी आहे. मंगल दोन्हीकडं मान हलवून आली असणार.

चंदनबाला ताकाला आली होती. मीच विषय काढला. म्हटलं, दोन मिनिटं थांबली असतीस तर? ती म्हणाली, “नेम मोडून शिखरजीला जायचं, तर मग जायचं कशाला आक्का?” आणि ताक घेऊन गेली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मला वाटलं बरं झालं. नेमाचंच तिला पुण्य लागेल, मला डोंगराचं.

गुडघ्याला तेल लावते आहे, दोन वेळा.

२२ जानेवारी, गुरुवार

हरणाबाई आज म्हणाली ते लिहून ठेवते. अंगणात दोघीच होतो. “तुजे हात बघत होते मी शनिवारी. ती होती तवर कासव, ती गेल्यावर ससा.”

म्हटलं, म्हणजे?

“म्हंजे काय न्हाई.”

म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. वही माझीच आहे, इथं कशाला लपवायचं? माझ्यापुढं एकशे चाळीस आहेत हे मला न मोजता दिसत होतं. तरी मोजत होते. प्रत्येक पाळीला, दहादहाचे ढीग, पुन्हा पहिल्यापासनं. उन्हाची तिरीप मीही बघत होते. मला माहीत होतं की दिवस मावळायच्या आत ती पाण्याला उठणार. हरणाबाईचं झालं होतं, माझं झालं होतं, तिचंच राहिलं होतं. म्हटलं, तेवढं ताणायचं. आणि ती उंबरा ओलांडून गेली की माझी पानं वाऱ्यासारखी पडायला लागली. चार डाव! पोरींना वाटलं आज्जी रंगात आली.

यात नियम एकही मोडलेला नाही. स्वप्नालीला विचारलं असतं तर तिनं हेही शिकवलं असतं. तिसरी कधी जाते तेवढंच बघायचं, मी बघितलं. वेळ हेही एक पानच आहे, माझ्या हातात आलं, मी खेळले.

एवढं लिहून झाल्यावर झोप यायला हवी होती.

२३ जानेवारी, शुक्रवार

काही नाही. पिशवी काढून ठेवली. भरली नाही.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी दूध घालायला चंदनबालाची सून आली, दीपाली. सासूला ती आत्या म्हणते. हातात गुडघ्याचा पट्टा, नवा, कागदातनं न काढलेला. “आमच्या आत्यांनी दिलाय. डोंगरासाठी त्यांनी सांगलीतनं आणला होता. म्हणाल्या, थोरल्या आत्यांच्या डाव्या पायाला हुईल.”

मी म्हटलं, त्या दिवशी पाण्याला उठली नसती तर तिलाच लागला असता.

दीपालीनं दुधाची किटली खाली ठेवली. “कुठलं पाणी?”

“शनिवारी. खेळताना उठून घरी आली ती.”

“आवं, त्या दिवशी चौदस न्हाई का? आमच्या आत्यांचा निर्जळ उपवास. सकाळपासनं थेंब न्हवता तोंडात. सांजंला आल्या, कट्ट्यावर बसल्या, माळ घेतली. मी म्हटलं, खेळ झाला व्हय? तर म्हणाल्या, होत आलाय, जरा बसते.”

चौदस. मला तिथीसुद्धा ध्यानात राहिली नव्हती.

दीपाली गेली. मी स्वप्नालीनं मागं ठेवलेला पत्त्यांचा जोड पुसला, घडीत सापडलेले सात आणि वर त्रेचाळीस असे पन्नास चिंचोके मोजून घेतले. पन्नास तिला, पन्नास मला लागतील, म्हणून आणखी पन्नास. ब्राह्मी उद्या येते म्हणाली आहे, तोवर मी थांबत नाही. पलीकडं चालले. दोघीच खेळू, माझ्या त्या एका जागेसाठी.

सकाळचे सात वाजलेत. दिवस मावळायला लय वेळ आहे.